माहीत आहे, मग होत का नाही?

(जिल्हा कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गुलाबी बोंडअळीची नवी माहिती सांगायला मी आज उभा राहिलेलो नाही. ती माहिती तुमच्याकडे आहे. कपाशी डिसेंबरअखेर काढून वावर मोकळे करा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी महिनोन्‌महिने धुऱ्यावर रचून ठेवू नका, कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, गरज पाहूनच फवारा. कृषी सहायकाने हे सांगितले, विद्यापीठाने पत्रके वाटली, रेडिओने ऐकवले. इथे बसलेल्यांपैकी ज्याला हे ठाऊक नाही त्याने हात वर करावा म्हटले, तर एकही हात वर होणार नाही. आणि ज्याने हे सगळे केले त्याने हात वर करावा म्हटले, तर किती होतील, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

आजचा प्रश्न एवढाच आहे. माहीत आहे, मग होत का नाही?

या प्रश्नाचे सरकारी उत्तर ठरलेले आहे. शेतकरी अडाणी आहे, आळशी आहे, लोभी आहे, त्याचे प्रबोधन केले पाहिजे. मी कृषी महाविद्यालयात शिकलो, तिथेही आम्हाला हेच शिकवले गेले. शेतकऱ्याच्या डोक्यात ज्ञान ओता, वागणूक आपोआप बदलेल. डोके म्हणजे जणू रिकामी घागर! माणसाचे मन कसे चालते याचा ज्यांनी अभ्यास केला, त्या मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे आहे. माहिती लागतेच, पण नुसत्या माहितीने वागणूक बदलत नाही. माणूस शेजाऱ्याकडे पाहतो, नुकसानीला भितो, सोपे असेल ते करतो आणि चारचौघांत दिलेला शब्द पाळण्याची धडपड करतो. हे अडाण्याचेच लक्षण नव्हे. शेतकरी, प्राध्यापक, मंत्री, सगळे असेच वागतात.

एकट्याचे शहाणपण

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ज्वारी का सोडली, ते आठवा. भाव नव्हता हे खरे. पण दुसरे कारणही होते. गावात शंभर जण ज्वारी पेरत तेव्हा पाखरे शंभर वावरांत वाटली जात. पुढे पेरणारे दोघे-तिघेच उरले आणि शिवारातली सगळी पाखरे त्यांच्याच कणसांवर उतरली. मग त्यांनीही सोडली. खोडमाशीचेही तेच. सगळ्यांनी पाऊस पडताच एकाच आठवड्यात पेरले तर ज्वारी माशीच्या तावडीतून बरीच निसटते. मागे पेरणाऱ्याच्या कोवळ्या रोपांवर मात्र आधीच्या वावरांत वाढलेली माशी तुटून पडते.

बोंडअळीचा हिशेबही असाच आहे. हंगाम संपता संपता अळी राहिलेल्या बोंडांत, सरकीत सुप्त पडून राहते. फरदड ठेवली की तिला खायला मिळते, पऱ्हाटीचा ढीग ठेवला की राहायला मिळते. पुढच्या हंगामात तिचा पतंग उडतो, तेव्हा त्याला धुरा दिसत नाही आणि सातबाराही वाचता येत नाही. तुम्ही डिसेंबरात वावर साफ केले आणि शेजाऱ्याने एप्रिलपर्यंत फरदड ठेवली, तर तुमची शेवटची वेचणी गेली ती गेलीच, शिवाय त्याचे पतंग तुमच्या कपाशीवर येणार ते येणारच. मग तुम्ही म्हणता, मी एकट्यानेच का करू? हा प्रश्न अडाण्याचा नाही, हिशेबी माणसाचा आहे. प्रबोधनाने तो सुटत नाही. सगळे एकदम करणार, हा भरवसा मिळाला तरच सुटतो.

असा भरवसा नसला की काय होते, ते आपण भोगले आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० मध्ये गुजरातमधली गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. आणखी काही वर्षांत तिने दुसऱ्यालाही जुमानले नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याची हातातोंडाशी आलेली कपाशी बोंडातल्या बोंडात किडली.

व्याख्यान आणि ठराव

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. तिथल्या गृहिणी जनावराचे काळीज, गुर्दे असे भाग स्वयंपाकात घेत नसत. ते घ्यावेत म्हणून सरकारची खटपट चालली होती. कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बायकांचे काही गट केले. काही गटांपुढे उत्तम व्याख्यान झाले: पौष्टिकता, देशकार्य, पाककृती, सगळे काही. बाकीच्या गटांना व्याख्यान दिले नाही. अडचण काय आहे ते त्यांचे त्यांनाच बोलू दिले. वास आवडत नाही, नवरा नाक मुरडतो, हे सगळे निघाले. त्यावर वाट काय, तेही त्यांनीच सांगितले. शेवटी विचारले, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार? हात वर करा. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी १०० तल्या ३ जणींनी ते करून पाहिले होते. आपसात बोलून हात वर करणाऱ्यांपैकी १०० तल्या ३२ जणींनी.

भावांनो, ३ आणि ३२! आपल्या मेळाव्यांचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. मी इथे तासभर बोललो, तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलात, तर ते ३ टक्क्यांचे काम झाले. गावात वीस जण पारावर बसले, अडचणी बोलले, तारीख ठरली आणि एकमेकांसमोर हात वर झाले, तर ते ३२ टक्क्यांचे.

शेजाऱ्याचे वावर

हे कंपन्यांना कधीचे कळले आहे. औषध कंपनीची पाटी रस्त्याकडेच्याच वावरात का लागते? गावातल्या चार जणांना फुकट बियाणे देऊन त्यांच्याकडे पीक पाहणीचा कार्यक्रम का ठेवतात? पोस्टरवर शास्त्रज्ञाच्या जागी फेटा बांधलेला शेतकरी का असतो? कारण शेतकरी शेतकऱ्याकडे पाहून शिकतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांशी ते बोलले. नव्या बियाण्याची खबर अनेकांना विक्रेत्याकडून लागली होती, पण पेरण्याचा निर्णय घ्यायला शेजाऱ्याचा अनुभव कामी आला. आणि जवळपास कोणीही सगळे रान एकदम संकरित मक्याखाली आणले नाही. आधी थोड्या तुकड्यात पेरले, पाहिले, मग वाढवले. माणसाला सगळे एकदम बदला म्हटले की तो हटून बसतो. एका तुकड्यात करून पाहा म्हटले की तयार होतो, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

फवारणी आणि धास्ती

फवारणीचे मानसशास्त्र आणखी वेगळे आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख मोठे असते. याच कामासाठी पुढे २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते आपल्या वावराला लावून पाहा. कपाशीवर थोडा मावा दिसला, चार तुडतुडे दिसले. फवारले नाही आणि पीक गेले, तर जन्मभर टोचणी राहील आणि घरचे बोलतील. फवारले आणि गरज नव्हती, तर कोणाला कळतही नाही. म्हणून कास्तकार फवारतो. ती फवारणी किडीपेक्षा मनातल्या धास्तीवर जास्त असते. त्यात कृषी केंद्राची उधारी असली की दुकानदार देईल ती बाटली घ्यावी लागते, आणि एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली जातात.

या धास्तीची किंमत २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने मोजली. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यात पंप पाठीवर घेणारे बरेचसे रोजंदारीचे मजूर होते. फवारायचे की नाही, हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते.

मग धास्ती जाते कशी? व्हिएतनाममधल्या भात उत्पादकांचे उदाहरण पाहा. भात लहान असताना पाने गुंडाळणारी अळी येते. पाने पांढरी पडलेली दिसतात आणि शेतकरी घाबरून फवारतो. शास्त्रज्ञांना माहीत होते की त्या वयात भात पुन्हा फुटतो, उत्पन्न घटत नाही. उलट फवारणीने कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुडे माजतात. पण हे शास्त्र समजावत बसण्याऐवजी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे हिआँग आणि त्यांच्या सहकारी एस्कलाडा यांनी १९९४ च्या सुमारास मेकाँग नदीच्या खोऱ्यात एक सोपा नियम दिला: पहिले ४० दिवस पाने खाणाऱ्या अळीसाठी फवारू नका. तोही हुकूम म्हणून दिला नाही. आमच्यावर विश्वास ठेवू नका, एका तुकड्यात फवारू नका, बाकीच्यात नेहमीसारखे करा आणि शेवटी दोन्हीकडचे भात मोजा, असे सांगितले. जोडीला रेडिओवर विनोदी नाटुकली लावली. तिथल्या एका प्रांतात दोन-तीन वर्षांत फवारण्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

यात शिकण्यासारखे काय? नियम एकच होता, लक्षात राहणारा होता, आणि तपासण्याचा हक्क शेतकऱ्याच्या हातात होता. आपल्या सरकीला रस शोषणाऱ्या किडींविरुद्धचे औषध बहुधा चोळलेलेच असते. लवकर फवारले की ढालकिडे आणि क्रायसोपा मरतात, मग मावा-तुडतुडे दुप्पट वाढतात. बोंडअळीचा नियमही असाच सोपा आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा १०० फुला-बोंडांत १० किडलेली निघाली, तरच फवारायचे. धास्तीला हटवायचे तर तिच्या जागी आकडा ठेवावा लागतो. ‘वाटते’ म्हणणारा फवारतो, ‘मोजले’ म्हणणारा थांबू शकतो.

आपलीच एक चूक

आपण कार्यकर्ते नेहमी एक वाक्य बोलतो. “कोणीच ऐकत नाही हो, सगळेच फरदड घेतात.” हे वाक्य आजपासून बंद करा.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात दगड झालेल्या प्राचीन लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. येणारे लोक तिथले तुकडे उचलून नेत. सियाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. एकीवर साधी विनंती होती, लाकूड उचलू नका. दुसरीवर लिहिले होते, आजवर पुष्कळ लोकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचे रूप पालटले आहे. दुसऱ्या पाटीपाशी चोरी किती तरी वाढली, जवळपास ८ टक्क्यांपर्यंत. साध्या विनंतीपाशी ती २ टक्क्यांच्या आत होती. ‘सगळे नेतात’ हे वाचून माणसाला लाज वाटली नाही, परवानगी मिळाल्यासारखे झाले.

तेव्हा सभेत सांगायचे ते असे: या शिवारात चाळीस जणांनी वावर मोकळे केले, ही त्यांची नावे. पुढच्या आठवड्यात साठ करा. फळ्यावर करणाऱ्यांची नावे लिहा, न करणाऱ्यांची नको. मात्र आकडा खरा असला पाहिजे. खोटा आकडा गावात दोन दिवससुद्धा टिकत नाही.

सोपे करा

बीटी सरकीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी येत असे. ती कडेने लावायची, म्हणजे तिथले पतंग बीटीवर वाढलेल्या पतंगांशी संकर करतील आणि अळी लवकर पक्की होणार नाही, असा हेतू होता. किती जणांनी लावली? आपली जमीन देऊन अळी पोसायची आणि फायदा सगळ्यांचा! शेतकऱ्याने पुडी बाजूला टाकली. मग बिगर-बीटी बियाणे पिशवीतच मिसळलेले ४७५ ग्रॅमचे पाकीट आले. आता वेगळे काही करावेच लागत नाही. ज्या कामासाठी वर्षानुवर्षे उपदेश केला, ते पाकीट बदलल्यावर न बोलता झाले. उपाय उशिरा आला हे दुर्दैव, पण धडा घेण्यासारखा आहे. माणूस बदलत नसेल, तर कामाची मांडणी बदलून पाहा.

पऱ्हाटीचे तेच. ती धुऱ्यावर का राहते? मायबहिणी सांगतील, चुलीला सरपण लागते. “पऱ्हाटी ठेवू नका” असे सांगणाऱ्याने त्या घरी पावसाळ्यात चूल कशावर पेटते, हे विचारले आहे का? म्हणून वाट अशी काढा: रचण्याआधी राहिलेली सगळी बोंडे झटकून, वेचून नष्ट करायची, सरपणापुरती पऱ्हाटी घरी न्यायची आणि पावसाळ्याआधी संपवायची. बाकीचीचा गटाने यंत्र भाड्याने आणून भुगा करायचा आणि खताला लावायचा. बारीक करायचे यंत्र एकट्याला परवडत नाही, वीस जणांत परवडते. ठरल्या दिवशी यंत्र वावराच्या तोंडाशी उभे राहिले, तर “उद्या पाहू” म्हणायला जागाच राहत नाही.

सगळ्यांसमोर ठरवा, सगळ्यांसमोर मोजा

“शेतकरी एकत्र येऊन नियम पाळूच शकत नाहीत” असे म्हणणाऱ्याला नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दाखवा. कमी पावसाचे गाव. तिथे पाऊस मोजतात, गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवले आणि पाळले. लोक संत झाले म्हणून हे घडले नाही. नियम त्यांनीच केला, आकडा सगळ्यांसमोर होता आणि शेजारी काय करतो ते सगळ्यांना दिसत होते, म्हणून घडले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची सामायिक पाणी, कुरणे, जंगले अभ्यासून १९९० मध्ये हेच मांडले, आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जिथे नियम वापरणाऱ्यांनीच केले, लक्षही त्यांनीच ठेवले आणि चुकणाऱ्याला आधी हलका, मग चढता दंड ठेवला, तिथे सामायिक संपत्ती टिकली. बोंडअळीमुक्त शिवार ही अशीच सामायिक संपत्ती आहे.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. बीटी वाण, नपुंसक पतंग, कामगंध आणि ठरल्या तारखेला साफ केलेली वावरे, सगळे एकाच वेळी, सगळ्या पट्ट्यात. तिथल्या एका शेतकऱ्याचे रान म्हणजे आपल्या अख्ख्या गावाचे शिवार. तिथे जे चार जणांत ठरते ते आपल्याला तीनशे जणांत ठरवावे लागते. अवघड आहे, पण म्हणूनच तर संघटना लागते.

मन वळते, पोट वळत नाही

एक गोष्ट ठणकावून सांगतो. मानसशास्त्राचा आधार घेऊन सरकार उद्या म्हणेल, शेतकऱ्याची मानसिकता बदला म्हणजे झाले. तसे नाही. ज्याच्याकडे थोडे पाणी आहे तो फरदड घेतो, कारण बियाणे-मशागतीचा खर्च न करता चार क्विंटल येईल ही आशा असते. डिसेंबरात कपाशी काढायची, तर हाती आलेल्या कापसाला त्याच वेळी भाव आणि खरेदी केंद्र पाहिजे. वावर मोकळे होईल तेव्हा हरभऱ्याचे बियाणे वेळेवर पाहिजे. जिनिंगच्या आवारात सापळे लावण्याचे, सरकी साठवून अळी न पोसण्याचे बंधन जिनिंगवाल्यावरही पाहिजे. शेतकऱ्याने तारीख पाळायची आणि बाकी कोणी पाळायची नाही, हा न्याय नव्हे. या मागण्या आपण मांडणारच. पण मागणी मान्य होईपर्यंत अळी थांबत नाही, आणि फवारणाऱ्याचा जीव तर त्याहून नाही.

कार्यक्रम

गावी परतल्यावर करायच्या गोष्टी पाच.

१. सभा नको, बैठक घ्या. वीस-पंचवीस जण, धुऱ्याला धुरा लागलेले. बायका हव्यातच. आधी अडचणी बोलू द्या, मग कपाशी काढायची एक तारीख ठरवा आणि हात वर करून घ्या.

२. प्रत्येक गटात एक जण एका एकरात मोजून फवारणी करेल, बाकी रानात नेहमीसारखी. दोन्हीकडचा औषधाचा खर्च आणि कापूस वेगवेगळा लिहायचा.

३. सापळ्यातल्या पतंगांचा रोजचा आकडा चौकातल्या फळ्यावर लिहायचा. हे काम शाळेतल्या मुलांना द्या, ती विसरत नाहीत.

४. पऱ्हाटीचे यंत्र आताच ठरवा, डिसेंबरात मिळणार नाही.

५. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, तोंडाला फडके आणि अंगभर कपडे मालकाने द्यायचे. वारा उलटा असेल, ऊन कडक असेल तर काम बंद. हा नियम गटाचा, मजुराला तो मागावा लागू नये.

भावांनो आणि मायबहिणींनो, तुमच्यात अक्कल कमी आहे असे मानून आजवर तुम्हाला भरपूर उपदेश झाला. अक्कल कमी नव्हती, एकमेकांचा भरवसा कमी होता. तो भरवसा सरकारी पत्रकाने येत नाही आणि बाटलीतही मिळत नाही. तो पारावर बसून तयार करावा लागतो. इथून उठण्याआधी एवढेच करा: शेजारच्या गावाच्या कार्यकर्त्याला तुमच्या बैठकीची तारीख सांगा आणि त्याची विचारून घ्या. तुमच्या गावातल्या बैठकीला तो येईल, त्याच्या गावातल्या बैठकीला तुम्ही जा.